दाट, वळणदार केस आणि मध्यमवय : सुटसुटीत केशरचनेचे कोकणातले अनुभव

चाळिशी ओलांडलेल्या आणि दाट, वळणदार केस असलेल्या व्यक्तींनी रोजच्या धावपळीत निभावेल अशी केशरचना कशी निवडली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती या धाग्यासाठी केली होती. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्याची अट मुद्दाम घातली, कारण केसांविषयीचा बहुतेक सल्ला कोरड्या हवेत राहणाऱ्यांना किंवा रोज सकाळी ड्रायर फिरवायला सवड असणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत केस धड वाळत नाहीत आणि उरलेल्या बऱ्याच महिन्यांत घाम व खारा वारा असतो. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातले काही दुबळे बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात, त्यामुळे केस ज्या आकारात वाळतो तो आकार धरतो आणि हवेतल्या दमटपणाने तोच आकार पुन्हा मोडतो. ड्रायरने सरळ केलेले वळणदार केस इथे दुपारपर्यंत का टिकत नाहीत, याचे उत्तर त्यात आहे. माझे मत असे, की कट ठरवताना एकच कसोटी लावावी : धुतल्यावर काहीही न करता, घरातल्या पंख्याखाली वाळल्यावर केस कसे पडतात? त्या पडण्याला धरून केलेला कटच पुढे निभावतो. आलेली मते एकमेकांशी जुळत नसली तरी तशीच ठेवली आहेत.

रत्नागिरी (बँकेत नोकरी, वय ४८)

माझे केस कंबरेपर्यंत होते आणि त्यांचे कौतुकही पुष्कळ झाले, पण ते वाळवायचे कसे, हा प्रश्न कोणी सोडवला नव्हता. श्रावणात सकाळी न्हायले तर संध्याकाळी घरी परतल्यावरही अंबाड्याच्या आतला भाग ओलसर लागे, त्याला कुबट वास येई आणि टाळूला खाज सुटे. ओले केस बांधून ठेवल्याने कोंडा वाढतो, हे त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा लांबी कमी करण्याचा निर्णय घेतला.

किती कमी करायची, यावर बराच विचार केला. खांद्यावर टेकणारे दाट केस खांद्याला आपटून बाहेरच्या बाजूला वळतात आणि दिवसभर तसेच राहतात. म्हणून खांद्याच्या खाली चार बोटे एवढी लांबी ठेवली. या लांबीत केसांचे वजन त्यांना खाली धरून ठेवते, सगळे केस एका क्लचरमध्ये मावतात आणि सणासुदीला छोटा अंबाडाही घालता येतो. लेअर, म्हणजे कमी-अधिक लांबीचे थर, हनुवटीच्या खालूनच सुरू करायला सांगितले.

आता मी आठवड्यातून दोनदा न्हाते. केसांना कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढते, जुन्या सुती पंचाने दाबून दाबून पाणी टिपते, आणि त्यानंतर केस पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावत नाही. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्धवट वाळलेल्या केसांतून कंगवा फिरवला की वळणे सुटी होतात आणि केस पिंजारतात. वाळलेल्या केसांना मी आता कंगवाच लावत नाही, बोटांनी भांग पाडते.

मालवण (पार्लरचा व्यवसाय, वय ५३)

मी दोन्ही बाजूंनी लिहू शकते, कारण माझेही केस असेच आहेत आणि असेच केस मी वर्षानुवर्षे कापत आले आहे. खुर्चीत बसल्या बसल्या पहिले वाक्य ठरलेले असते : “केस खूप जड झालेत, जरा हलके करून दी गो.” हलके करण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे दातेरी कात्री. पण वळणदार केसांवर ती बेताबेतानेच वापरावी, असे माझे ठाम मत आहे. त्या कात्रीने लांब केसांच्या मधोमध आखूड केस तयार होतात. कट नवा असताना डोके हलके वाटते, पण ते आखूड केस वाढू लागले की लांब केसांना आतून वर उचलतात आणि डोके आधीपेक्षा अधिक फुललेले दिसते. त्याऐवजी लांब लेअर द्यावेत आणि मागच्या बाजूचा भार आतल्या थरांतून थोडा थोडा कमी करावा. याला वेळ लागतो, म्हणून गर्दीच्या दिवशी असा कट करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट जबड्यापाशी सरळ रेषेत कापलेल्या बॉबची. सरळ केसांवर तो सुरेख दिसतो. दाट, वळणदार केसांवर मात्र तो वरून चपटा आणि खालून पसरलेला त्रिकोण होतो, आणि तो त्रिकोण बसवायला रोज इस्त्री लागते. तेवढीच लांबी हवी असेल तर मागची रेषा किंचित गोलाईची आणि आतून पातळ केलेली असावी.

शक्य असेल तर केस कोरडे असताना कापून घ्यावेत. ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर त्याचे वळण वर चढते, त्यामुळे ओल्या केसांवर भुवईपर्यंत कापलेली पुढची बट वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर जाऊन बसते. आपल्या घामाच्या हवेत कपाळावरची झालर मी सहसा सुचवतही नाही. गालाच्या हाडापासून खाली उतरणाऱ्या दोन लांब बटा चेहऱ्याला तेच वळण देतात आणि उकडू लागले की कानामागे जातात.

पंचेचाळिशीनंतर आणखी एक बदल मला खुर्चीमागे उभे राहून दिसतो. मागचे केस पूर्वीसारखेच दाट असतात, पण भांगाजवळचे आणि कानशिलावरचे केस विरळ होऊ लागतात. अशा वेळी माथ्यावर जास्त लेअर दिले तर विरळपणा उघडा पडतो, म्हणून माथ्यावरचे केस राखून मागचे कमी करावे लागतात. भांगही अधूनमधून बाजू बदलून पाडावा. येताना नटीचा फोटो आणण्यापेक्षा स्वतःचे केस साध्या दिवशी, काहीही न लावता कसे दिसतात, त्याचा फोटो आणावा. आम्हाला त्यातून कितीतरी अधिक कळते.

शिरोडा (घर आणि बागायत, वय ५७)

केस कापले म्हणजेच काम कमी झाले, हे मला पटत नाही. माझे केस आजही पाठीच्या मध्यापर्यंत आहेत आणि वेणी घालून तिचा खाली सैल अंबाडा बांधला की दिवसभर त्यांच्याकडे पाहावे लागत नाही. आखूड केस बागेत काम करताना डोळ्यांवर येतात, घामाने गालाला चिकटतात. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलली की वळेसार माळायला अंबाडा हवाच, आणि हे कारण मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

एक बदल मात्र केला. पूर्वी अंबाडा घट्ट आवळून, आकडे खुपसून घालत असे. वर्षानुवर्षे ओढ बसल्याने कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते आणि बराच काळ दुर्लक्ष केले तर तिथले केस परत येत नाहीत, हे कळल्यापासून गाठ मानेवर सैल घालते, रबराऐवजी कापडी पट्टी वापरते आणि रात्री केस मोकळ्या वेणीत ठेवते. न्हाणे सकाळी दहाच्या उन्हावर होते. ऊन नसेल त्या दिवशी डोक्यावरून न्हात नाही.

अलिबाग (स्वतःचा व्यवसाय, वय ४५)

माझा रस्ता नेमका उलट. रोज स्कूटर, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे मी मानेवर पूर्ण बारीक आणि वर तीन-चार बोटे लांब असा कट ठेवला आहे. सकाळी डोक्यावरून पाणी घेतले की अर्ध्या तासात केस वाळतात आणि हेल्मेट काढल्यावर ओल्या बोटांनी विस्कटले की पुन्हा जागेवर येतात.

पण या कटाला देखभाल कमी लागते, असे मी सरसकट म्हणणार नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. लांब केसांत ती वाढ दिसत नाही, आखूड केसांत मात्र दीड महिन्यात मानेवरचा आकार बिघडतो आणि कानावरचे केस बाहेर डोकावू लागतात. म्हणजे रोजचे काम संपले, तरी पार्लरच्या फेऱ्या वाढल्या. जवळपास विश्वासाचे कापणारे कोणी असेल तरच या वाटेला जावे.

दापोली (डॉक्टर, वय ५०)

इथे कटाविषयी पुरेसे लिहून आले आहे, म्हणून मी कटाआधीच्या एका पायरीविषयी लिहिते. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे सामान्य आहे. पण शेपटा हाताला एकाएकी बारीक लागू लागला, भांग रुंद झाला किंवा न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका साचू लागला, तर कात्रीआधी रक्त तपासावे. हिमोग्लोबिनसोबत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइड, या तपासण्या महत्त्वाच्या. पाळी जाण्याच्या काळात जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता वारंवार दिसते आणि ती उपचाराने भरून निघते. इस्ट्रोजेन कमी होऊ लागल्यानेही केसाची जाडी घटते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा कट आज तसाच बसेल, अशी अपेक्षा धरू नये.

केस सरळ करण्यासाठी स्मूदनिंग किंवा केराटिनच्या नावाने जे उपचार केले जातात, त्यांविषयी मी सावधच राहायला सांगेन. त्यांपैकी अनेकांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो आणि तो कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. बंद खोलीत तो वायू आपल्यापेक्षा पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या नाकात रोज जातो, याचाही विचार व्हावा. आणि एवढे करून मुळापाशी उगवणारा केस पुन्हा वळणदारच येतो, म्हणजे काही महिन्यांत अर्धे सरळ, अर्धे लहरी असे डोके सांभाळणे आले.

गुहागर (माध्यमिक शिक्षक, वय ५२)

पुरुषांनाही हा प्रश्न पडतो, म्हणून थोडक्यात लिहितो. माझे केस दाट आणि लहरी आहेत आणि शाळेत नीटनेटके दिसणे आवश्यक असते. कानांच्या वर मशीन फार वरपर्यंत न्यायला लावले तर वरचे केस छत्रीसारखे बाजूला पसरतात. बाजूचे केस कात्रीनेच उतरते आणि वरचे दोन इंच ठेवल्यापासून ते आपोआप मागे पडतात. न्हाल्यावर तळहातावर दोन थेंब खोबरेल चोळून ते ओल्या केसांवरून फिरवतो. जेल लावत नाही, कारण घामाबरोबर ते कपाळावर उतरते.

राजापूर (शिलाईकाम, वय ५५)

खोबरेल तेलाचा वर उल्लेख आला, त्याला जोडून लिहिते. ते नेमके केव्हा लावायचे, याने फरक पडतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती आणि केसातील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाल्याचे आढळले, कारण ते केसाच्या आत शिरते. धुण्याआधी लावल्यानेही हा लाभ मिळतो. म्हणून न्हाण्याआधी तासभर, मुळांपेक्षा टोकांना अधिक, असे मी घाण्याचे तेल लावते. आमच्या विहिरीचे पाणी तांबूस असते आणि त्याने केस राठ होतात, पण तेल लावलेल्या दिवशी तो राठपणा कमी जाणवतो. केस धुऊन वाळल्यावर वरून पुन्हा भरपूर तेल थापणे मात्र सोडले. कोकणच्या घामात त्याने टाळू चिकट होते आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा न्हावे लागते.

देवगड (आंबा व्यवसाय, वय ५६)

माझ्या दृष्टीने केशरचनेचा सर्वांत मोठा व्याप रंगाचा होता. काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाने कानामागे पुरळ उठू लागले, तेव्हा तो थांबवला. (जे रंग लावतात त्यांनी प्रत्येक वेळी ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. वर्षानुवर्षे सोसलेला रंगही एखादे दिवशी सोसत नाही.) रंग थांबवला की दोन रंगांची सीमा दिसू लागते. महिन्याला सव्वा सेंटिमीटर धरले तर तीस सेंटिमीटर केस पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षे लागतात. मला तेवढा धीर नव्हता, म्हणून केस आधी मानेपर्यंत आणले आणि दर तीन महिन्यांनी रंगवलेली टोके काढत गेले. वळणदार केसांचा इथे लाभ होतो, कारण लाटांमध्ये ती सीमा सरळ रेषेसारखी उठून दिसत नाही.

पांढरा केस हाताला अधिक कोरडा आणि ताठ लागतो, त्यामुळे मालवणच्या ताईंनी सांगितलेले लांब लेअरही माथ्यावर थोडे उभे राहतात. त्यावर मला एकच उपाय लागू पडला : कंडिशनर पूर्ण धुऊन न काढता थोडासा केसांत राहू द्यायचा. मे महिन्यात बागेची कामे आटोपली की मी कट करून घेते, म्हणजे पावसाळाभर आखूड केस सांभाळायला सोपे जातात आणि गणपतीपर्यंत त्यांना बांधण्याजोगी लांबी येते.

खाडीकाठी, जिथे उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते, तिथल्या कोणाचा अनुभव अजून आलेला नाही. त्या पाण्याने केस धुणाऱ्यांनी कोणता साबण किंवा शिकेकाई वापरता आणि शेवटचे पाणी कोणते घेता, हे अवश्य लिहावे.