मदत हवी आहे: पुढचा वळू कोणत्या गायीचा ठेवू, दुधाच्या की टिकणाऱ्या?

तिसरं वेत:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पारंपरिक दुधाळ जातीचा छोटा कळप आहे: दहा-बारा दुभत्या गायी आणि मागून येणाऱ्या कालवडी. जात शुद्धच ठेवायची हे घरात ठरलंय. तेव्हा 'संकर करा, प्रश्न मिटेल' हा सल्ला कृपया बाजूला ठेवा, तो ऐकून कान किटलेत.

आताच्या वळूच्या पहिल्या मुली माजावर यायला लागल्यात, म्हणजे त्याला हलवायची वेळ झाली. त्याच्या जागी दोन गोऱ्हे डोळ्यांसमोर आहेत आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत.

पहिल्याची आई कळपातली सगळ्यात दुधाळ गाय. कळपाची सरासरी वेताला २३०० लिटर, हिची तीन वेतांची सरासरी ३०००. पण व्याल्यावर दुसऱ्या महिन्यात अशी उतरते की बरगड्या मोजाव्यात. माज उशिरा, भरवली की उलटते (गाभ राहत नाही), दोन वेतांत १६ महिन्यांचं अंतर. कासदाह दर वेताला ठरलेला. कास आता मागच्या पायाच्या सांध्याखाली लोंबते, धारेला भांडं तिरकं धरावं लागतं.

दुसऱ्याची आई नऊ वेतांची म्हातारी. २२०० लिटरच्या वर कधी गेली नाही, पण दर १३ महिन्यांनी व्याते, वार वेळेवर टाकते, कास अजून पोटाशी घट्ट. चारा कोरडा पडला तरी अंगावर मांस टिकून असतं.

सासरे म्हातारीच्या बाजूचे, नवरा दुधाळ गायीच्या बाजूचा. वही मी सांभाळते म्हणून निकाल माझ्यावर ढकललाय. माझं अडतंय ते इथे: दुधाळ गायीचं दुखणं रक्तातलं, की खुराक कमी पडतो म्हणून? रक्तातलं असेल तर गोऱ्हा तेच मुलींना देणार. आणि म्हातारीचा घेतला तर दूध पिढीगणिक खाली जाईल का?

रवंथ:
दोन्ही गोऱ्ह्यांचे बाप कोण, ते आधी सांगा. बाकी मग बोलू.

तिसरं वेत:
म्हातारीच्या गोऱ्ह्याचा बाप आताचाच वळू. दुधाळ गायीचा गोऱ्हा कृत्रिम रेतनाचा, बाप बाहेरचा, जात तीच.

रवंथ:
वाटलंच होतं. म्हणजे म्हातारीचा गोऱ्हा तुमच्या कालवडींचा सावत्र भाऊ. सावत्र भावा-बहिणीच्या पैदाशीत रक्तसंबंध १२.५ टक्के येतो. बाप-लेकीत येतो २५, आणि त्यासाठीच तर तुम्ही जुना वळू हलवताय. रक्तसंबंध वाढला की पहिला फटका गर्भधारणा, वासरांचं जगणं आणि रोगप्रतिकार यांना बसतो. काटकपणासाठी ठेवलेला गोऱ्हा काटकपणाच घालवून बसेल. त्याच जातीचा दुसरा कळप शोधा आणि तिथल्याशी अदलाबदल करा, तिकडे हाच गोऱ्हा उपयोगी पडेल.

गाजलेल्या वळूच्या मागेही डोळे झाकून जाऊ नका. १९६२ साली जन्मलेला 'चीफ' नावाचा, होल्स्टिन या दुधाळ जातीचा अमेरिकन वळू मुलींच्या दुधासाठी जगभर वापरला गेला. त्याच्या रक्तात एक जीवघेणा दोष लपलेला होता. दोन्ही बाजूंनी तो दोष आला की गर्भ पोटातच मरतो. जगभरात त्यापायी पाच लाखांवर गर्भपात झाले असा अंदाज आहे. हा दोष लक्षात यायला २०११ उजाडलं, तोवर सगळे 'गाय उलटली' म्हणून पुन्हा भरवत होते.

आकडेमोड्या:
आता दोन्ही तटांना थोडं नाराज करतो.

आधी दुधाळ गाय. ती सरासरीपेक्षा ७०० लिटर पुढे आहे, पण ते सगळे ७०० लिटर रक्तातले नाहीत. दुधाची हेरिटॅबिलिटी, म्हणजे गायीगायींतल्या फरकात रक्ताचा वाटा किती ते, साधारण ०.३ धरतात. तीन वेतांची नोंद असल्यामुळे भरवसा थोडा वाढतो, तरी त्यातले ४५ टक्केच वारशाचे धरावेत, म्हणजे सुमारे ३१५ लिटर. गोऱ्ह्यात त्याचं निम्मं आलं, गोऱ्ह्याच्या मुलीत त्याचंही निम्मं. राहिले ८० लिटर! तीनशे दिवसांच्या वेतात दिवसाला जेमतेम पाव लिटर. बाप कसा आहे त्यावर आणखी कमीजास्त होईल. पण घरातलं भांडण ज्या ७०० लिटरवरून चाललंय, त्यातलं नातीपर्यंत एवढंच पोचतं.

कासेची ठेवण मात्र बऱ्यापैकी वारशाने उतरते. कासेची खोली, सडांची लांबी यांची हेरिटॅबिलिटी ०.२ ते ०.३ असते. लोंबती कास घाणीत लागते, सड तुडवले जातात, कासदाह होतो. पाव लिटरसाठी ती कास पुढच्या सगळ्या कालवडींना द्यायची? मी नाही देणार.

आता म्हातारी. कासदाह, गर्भधारणा या गोष्टींची हेरिटॅबिलिटी बहुतेक ठिकाणी ०.०५ च्याही खाली निघते. म्हणजे एका गायीची नऊ वेतं बघून तिच्या रक्ताबद्दल फारसं बोलता येत नाही. नशीब, जागा, हाताळणी, सगळं त्यात मिसळलेलं असतं. सासऱ्यांना हे पटणार नाही, पण आकडे असेच आहेत.

तरी याचा अर्थ 'आरोग्यासाठी निवड होतच नाही' असा काढू नका. ही चूक शिकलेली माणसंही करतात. एका गायीवरून कळत नाही, पण एकेका वळूच्या शंभर-दोनशे मुलींच्या नोंदी एकत्र केल्या की वळूवळूंतला फरक स्पष्ट दिसतो. नॉर्वेने १९७५ पासून प्रत्येक गायीच्या उपचारांची नोंद ठेवायला घेतली आणि १९७८ पासून वळूनिवडीत कासदाह धरला. नॉर्वेजियन रेड या तिथल्या जातीचं दूधही वाढत राहिलं आणि आरोग्यही सुधारलं. अमेरिकेने आयुष्यमान आणि दुधातल्या पेशींची संख्या (कासदाहात ती वाढते) निवडसूत्रात घेतली ती १९९४ मध्ये, मुलींची गर्भधारणा २००३ मध्ये. तोवर होल्स्टिनचं दूध चढत होतं आणि गाभण राहणं घसरत होतं. दूध आणि आरोग्य यांच्यात उलटं नातं आहे, पण ते इतकं घट्ट नाही की दोन्ही एकदम सुधारूच नयेत. फक्त दुधावर निवड केली की बाकीचं आपोआप बिघडतं, एवढं खरं.

एक हिशेब वहीत आजच करा. वेताचं दूध भागिले दोन वेतांतले दिवस. दुधाळ गाय: ३००० भागिले ४८७, म्हणजे ६.२ लिटर. म्हातारी: २२०० भागिले ३९६, म्हणजे ५.६. वेताला ३६ टक्क्यांची आघाडी होती, ती ११ टक्क्यांवर आली. यातून औषध चालू असताना टाकून दिलेलं दूध अजून वजा झालेलं नाही. कालवड व्यायच्या आधी जी वर्षं बसून खाते, तो खर्च एकीच्या तीन वेतांवर वाटायचा आणि दुसरीच्या नऊ.

उभा चारा:
वरचं सगळं मान्य, पण खुराकाचा प्रश्न कुणी उचललाच नाही. व्याल्यावर सहा-आठ आठवड्यांत दूध शिखरावर जातं, भूक मात्र मागून येते. मधली तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरते. दुधाळ गाय दूध कमी करत नाही, स्वतः वाळते. अंगावरची चरबी जोखायच्या १ ते ५ च्या मापात अंग एकापेक्षा जास्त अंकाने उतरलं तर माज लांबणारच. म्हणून तुमचं उत्तर 'दोन्ही' असं आहे: ओढ रक्तातली, आजार तुटीचा. तुमच्या चाऱ्यावर २५०० लिटरच निभत असतील, तर ३००० लिटरचं रक्त आणणं म्हणजे हाडं वर आलेल्या गायींची पैदास करणं.

आणि म्हातारीबद्दल एक शंका. ती निरोगी आहे म्हणून टिकली, की दूध बेताचं म्हणून तिच्यावर ताणच आला नाही? कमी दूध देणारी प्रत्येक गाय काटक नसते. या वेळी तिला थोडा जास्त खुराक देऊन बघा. दूध वाढलं तर तिच्यात दम आहे. नुसती अंगाने भरली तर काय ते समजा.

तिसरं वेत:
सावत्र भावाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सासरेही गप्प झाले. मग दोन्ही गोऱ्हे नकोतच ना? या हंगामात कालवडींचं काय करू? रेतमात्रेच्या पत्रकावर 'आईचं दूध' ठळक अक्षरात छापलेलं असतं, बाकी काहीच कळत नाही.

आकडेमोड्या:
आईचं दूध म्हणजे पुन्हा एकाच गायीची गोष्ट, तिचं काय होतं ते वर मोजलंच. विचारायचं ते हे: या वळूच्या किती मुली दुधात आल्यात, किती वेगवेगळ्या कळपांत, आणि त्यांच्या कासेची, पेशींची, पुन्हा गाभण राहण्याची नोंद आहे का. मुलींच्या नोंदी असलेला वळू मिळाला तर तोच घ्या, दुधात मधल्या फळीतला असला तरी. नाहीच मिळाला तर एकावर भिस्त ठेवू नका, दोन-तीन वेगळ्या वळूंच्या मात्रा कालवडींत वाटून टाका. दुधाळ गायीलाही घट्ट कासेच्या मुली देणाराच वळू लावा. तिला काढून टाकायची गरज नाही, फक्त तिचा गोऱ्हा ठेवू नका.

रवंथ:
म्हातारीला मात्र आताच्या वळूकडे नेऊ नका. तिलाही बाहेरची मात्रा द्या, ज्याच्या मुली दुधाला चांगल्या त्याची. गोऱ्हा झाला तर तो तिच्या स्वतःच्या मुली सोडून बाकी कळपाला चालेल, आणि तोही दोन-अडीच वर्षांनी हलवायचा. सध्या ती गाभण आहे की मोकळी?

तिसरं वेत:
मोकळी. चार-पाच दिवसांपूर्वीच माज करून गेली.

रवंथ:
मग अजून दोन-सव्वादोन आठवडे आहेत. २१ दिवसांचा हिशेब धरून दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवा, म्हाताऱ्या गायींचा माज मुका असतो, बाहेरून फारसा दिसत नाही. तोवर मात्रा ठरवून ठेवा आणि सीएमटीने (कासदाह ओळखायच्या दुधाच्या चाचणीने) तिचे चारही सड तपासून वहीत लिहा, दुधाळ गायीचेही.