'स्टॉकफिश'ला सुकट म्हणावे काय?

अनुवादिका, दादर : नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरील एका प्रवासलेखाचे भाषांतर करीत आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासे अंडी घालायला तेथे उतरतात, आणि पकडलेला मासा डोके काढून लाकडी मांडवांवर टांगला जातो. त्या वाळल्या माशाला, म्हणजे 'स्टॉकफिश'ला, मी 'खारवलेला कॉड' म्हटले होते. संपादकांनी ते खोडून 'सुकट' केले. माझी चूक मान्य आहे, कारण या माशाला मीठ लावतच नाहीत. पण सुकटही घशाखाली उतरत नाही.

वेसावकर : संपादकांना आमच्या बाजारात धाडा. सुकट मागितली की कोळीण वाळलेला जवळा मापून देईल. बोंबीलही बिनमिठाचाच वाळतो आणि त्याला आम्ही सुका बोंबील म्हणतो, तेव्हा 'सुका कॉड' लिहावे. आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, टाकतात. तिकडे डोकेच नसल्याने शेपट्या बांधून जोडी करतात, इतकाच फरक.

व्याकरणप्रेमी : 'सुका' बोलीत ठीक आहे. ग्रांथिक लेखनात 'शुष्कमत्स्य' शोभेल.

गिरगावकर : शुष्कमत्स्य वाचून भूकच मरते. शिवाय 'सुका' हा त्याच 'शुष्क'चा नातू आहे, त्याला घराबाहेर का काढता? 'स्टॉकफिश' ज्यावरून आला त्या डच 'स्टोकव्हिस'मधल्या 'स्टोक'चा अर्थ काठी. मग 'काठीमासा' काय वाईट? शिजवण्यापूर्वी तो कित्येक दिवस भिजत घालावा लागतो, इतका तो टणक होतो.

अनुवादिका, दादर : काठीमासा वाचून लोक त्याला मासळीची एखादी जात समजतील. आता दुसरी अडचण : 'वाळवणे' म्हटले की डोळ्यांसमोर ऊन येते. लोफोटेनला शून्याच्या थोड्या वर राहणारा गार वारा सुमारे तीन महिने पाणी ओढून घेतो. ऊब वाढली तर माशा बसतात, कडक गोठले तर मांस भुसभुशीत होते.

व्याकरणप्रेमी : म्हणजे 'वाळवणे' उन्हाचे आणि 'सुकवणे' वाऱ्याचे, असा भेद करावा.

वेसावकर : असा भेद आमच्या आजीने कधी केला नाही. बोंबलालाही ऊन लागते तसा वारा लागतो. वारा पडला की वलांडीवरच वास सुटतो.

अनुवादिका, दादर : मग त्या लाकडी मांडवाला 'वलांडी' म्हटले तर चालेल?

वेसावकर : वलांडी बांबूची. लाकडाची आम्ही पाहिलेली नाही.

व्याकरणप्रेमी : मुळात 'वलांडी' कोशात आहे काय?