लेकीला क्लिनिकच्या दारात उभं राहू द्यावं का?

मीनल (बॉस्टनजवळ):
माझी लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यापासून दर शनिवारी सकाळी सातला ती गर्भपात क्लिनिकबाहेर एस्कॉर्ट म्हणून उभी राहते. गाडीतून उतरलेल्या बाईला फुटपाथवरच्या आरडाओरड्यातून दारापर्यंत सोबत करायची, एवढंच काम. तिचं गुलाबी जाकीट स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर वाळत असतं. ते दिसलं की पोटात गोळा येतो.

परवा बोलता बोलता म्हणाली, तिथे एकजण गाड्यांच्या नंबरप्लेटचे फोटो काढतो. ती आमचीच गाडी नेते, माझ्या नावावरची.

ब्रुकलाइन आमच्यापासून लांब नाही. तिथे बीकन स्ट्रीटवरच्या दोन क्लिनिकांत ३० डिसेंबर १९९४ ला एकजण बंदूक घेऊन शिरला. मेल्या त्या दोघी रिसेप्शनवर काम करणाऱ्या, एक २५ वर्षांची, एक ३८. नवरा म्हणतो, थांबव तिला. माझी जीभ रेटत नाही. १९९९ साली नाशिकला मी स्वतः गर्भपातासाठी दवाखान्यात गेले होते, तेव्हा आत्या सोबत होती. तिने शेवटपर्यंत माझा हात सोडला नव्हता.

वसुधा (न्यू जर्सी):
मीनल, मी सहा वर्षं हे काम केलंय. एस्कॉर्टला काही होत नाही असं खोटं सांगणार नाही. २९ जुलै १९९४ ला फ्लोरिडात, पेन्साकोलाला, डॉ. जॉन ब्रिटन मारले गेले. बुलेटप्रूफ जाकीट घातलेलं होतं, गोळी डोक्यात लागली. त्यांना गाडीतून घेऊन येणारे एस्कॉर्ट जेम्स बॅरेटही गेले, ७४ वर्षांचे. क्लिनिकची वाट अडवणं, धमकावणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, त्यामुळे तुझी भीती मला अगदी कळते.

गाडी मात्र आजपासून बंद. ट्रेनने जाऊ दे. रस्त्यावर फोटो काढणं इथे गुन्हा नाही, पोलीस काही करणार नाहीत. तरी तारीख, वेळ लिहून ठेवायला सांग. जाकीट आत गेल्यावरच चढवायचं, घरी निघण्याआधी आतच काढायचं. ओरडणाऱ्यांना उत्तर द्यायचं नाही. मोठी छत्री जवळ ठेवायची. मी छत्री बाईच्या तोंडासमोर धरायची आणि तिच्याशी पावसापाण्याचं बोलत राहायची. दारापर्यंतची ती चाळीस पावलं बाईला फार लांब वाटतात गं.

प्रकाश:
मला स्वतःला गर्भपात पटत नाही. पण तिथे उभे राहणारे सगळे बंदूकवाले नसतात, काही आज्या नुसती जपमाळ घेऊन असतात. क्लिनिकच्या दारापासून ३५ फुटांच्या आत उभं राहायचं नाही, हा तुमच्याच राज्यातला नियम सुप्रीम कोर्टाने २०१४ साली एकमताने रद्द केला, तो अशाच एका शांतपणे बोलणाऱ्या आजीच्या अर्जावर. नंबरप्लेटचे फोटो काढणं ही मात्र सरळ धमकी आहे. ती कुणीही करू नये.

डॉ. अ. (सातारा):
आमच्या दारात कुणी घोषणा देत नाही. १९७१ पासून कायदा आहे आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरी कितीतरी ठिकाणी नवऱ्याची सही मागतात. काल एक बाई पदर तोंडावर ओढून बाकावर बसली होती, गावातलं कुणी बघेल म्हणून. सोबत कुणीच नव्हतं. ताई, तुमची आत्या आठवली.

मीनल:
वसुधाताई, जाकिटाचं तिला आत्ताच सांगितलं. गाडीची किल्ली माझ्याकडे घेतली. शनिवारी सव्वासहाच्या ट्रेनने आम्ही दोघी निघतोय. मी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसेन, तिथून दार दिसतं म्हणते.