अर्धा इंची अँगल कॉकवर डिशवॉशरचा पाऊण इंची नट कसा जोडायचा?

सिंकखाली भिंतीत एकच अर्धा इंची अँगल कॉक आहे. त्यावर आरओचा छोटा टी (पाण्याला फाटा काढणारा जोड) आणि पुढे मिक्सरची नळी. डिशवॉशरच्या पाइपचा नट पाऊण इंची. आरओच्या फाट्यातूनच पाणी घेतलं तर चालेल का? घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी गच्चीवर.

प्रतिसाद १
नाही चालणार. आरओचा फाटा पाव इंची असतो, मशीनला तेवढं पाणी पुरत नाही. जुना कॉक काढून टू-वे अँगल कॉक लावा, दोन्ही तोंडांना वेगळी चावी असलेला. एका तोंडावर आरओचा टी आणि मिक्सर आहे तसाच. दुसऱ्यावर पितळी अ‍ॅडाप्टर: एका बाजूला आतून अर्धा इंची आटे, दुसऱ्या बाजूला बाहेरून पाऊण इंची.

दुकानात जाताना पट्टी न्या. बाहेरच्या आट्यांचा व्यास अर्धा इंचीला साधारण 21 मिमी भरतो, पाऊण इंचीला 26.5 मिमी. ऑनलाइन मागवताना जपून, अमेरिकन बागेच्या नळीचे आटेही 'पाऊण इंच' म्हणूनच विकतात. त्यांचे आटे इंचाला साडेअकरा, आपले 14. असा अ‍ॅडाप्टर आपल्या नटात थोडासा फिरून अडकतो. तिथे पान्ह्याने जोर केलात तर आटे गेलेच.

भिंतीतल्या जोडाला टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळा, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. आवळल्यावर कॉक सरळ दिसावा म्हणून उलटा फिरवू नका. तिथूनच गळतं. पूर्ण काढून नवी टेप लावा. भिंतीत सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, असेल तर जास्त जोर नको, भिंतीच्या आत तडकला तर टाइल फोडावी लागते.

प्रतिसाद २
आधी प्रेशर बघा. बऱ्याच मशीनना किमान 0.5 बार लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या कॉकपासून 5 मीटर तरी उंच हवं. वरच्या मजल्यावर ही उंची बहुतेक वेळा तीन-चार मीटरच भरते, मग मशीन पाण्याचा एरर दाखवून थांबतं. प्रेशर पंप लागेल.

मशीनच्या पाणी घेणाऱ्या पाइपच्या टोकाला प्लास्टिकचा डबा असेल तर तो अ‍ॅक्वास्टॉप, म्हणजे गळती झाली तर पाणी बंद करणारी सोय. त्यात विजेचा व्हॉल्व्ह असतो. पाइप कापू नका, डबा पाण्यात बुडवू नका.

प्रश्नकर्ता
अ‍ॅडाप्टर बसवला. पाऊण इंची नटाला टेप लावूनही थेंब येतोय.

प्रतिसाद १
तिथली टेप काढा. तो जोड आट्यांवर नाही, नटाच्या आतल्या रबरी वायसरवर बंद होतो. टेपच्या जाडीमुळे नट पूर्ण चढत नाही आणि वायसर दाबला जात नाही. अ‍ॅडाप्टरचं तोंड सपाट आहे ना, तेही बघा. हाताने आवळून वर पाव फेरा पुरे.

प्रतिसाद ३
ड्रेनचा पाइप नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडात) नुसता सोडू नका. आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर नेऊन क्लिप मारा, मग खाली उतरवा. नाहीतर सायफन लागतो: मशीन भरत राहतं आणि पाणी तिकडून निघून जातं. सिंकच्या बॉटल ट्रॅपला जोडणार असाल तर त्या फाट्याच्या तोंडाचा पडदा कापला आहे का ते तपासा. नव्या ट्रॅपला तो अनेकदा बंदच असतो.