बुद्धिबळात लेकरं विचार न करता चाल टाकायलेत – कोणतं सॉफ्टवेअर, कोणती सेटिंग?

परभणीकर: उन्हाळी वर्गात ७ ते ९ वर्षांची आठ लेकरं, एकच लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मोहऱ्यांच्या चाली येतात. पण लिचेसवर (बुद्धिबळाची साइट) संगणकाशी बसवलं की दोन मिनिटांत डाव खलास. बसून विचार करायची सवय लागावी म्हणून दुसरं काही सॉफ्टवेअर आहे का?

जालना_६४घरं: लिचेसच ठेवा. फुकट, जाहिराती नाहीत. संगणक क्षणात उत्तर देतो आणि लेकरू त्याच्याच तालावर चाली टाकायला लागतं, गडबड तिथं आहे. प्राधान्यांमध्ये चाल पक्की करून घेण्याचा पर्याय सुरू करा. त्यात 'अमर्याद' वेळेच्या डावालाही खूण हवी, नाहीतर बिनघड्याळाच्या डावात लागू होत नाही. हे हमखास राहतं. प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची पाळी असतानाच आपली चाल टाकून ठेवणं, बंद. किड मोड सुरू, म्हणजे चॅट दिसत नाही.

आणि स्टॉकफिशच्या (लिचेसवर संगणकाकडून खेळणारा प्रोग्राम) पातळी १ वर फार दिवस ठेवू नका. तो मधेच वजीर फुकट देतो, मग लेकरू थांबून बघायच्या ऐवजी फुकटाची वाट बघतं.

अंबाजोगाईचा उंट: आठ जणांत एक लॅपटॉप ही तर सोय झाली. जोड्या लावा. एकाने चाल सांगायची, माउस दुसऱ्याच्या हातात. माउसवाल्याने आधी विचारायचं, "त्यानं आत्ता काय धमकी दिली?" उत्तर आल्याशिवाय क्लिक नाही.

सुरुवात या स्थितीपासून करा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलं तिथं प्यादं): ई४ ई५, उंट सी४ घोडा सी६, वजीर एच५. काळ्याची चाल. घाईतलं लेकरू वजिरावर धावून जातं, घोडा एफ६. वजीर एफ७चं प्यादं मारतो, मागून उंटाचा जोर, मात. आता त्याच जागी जी६ करायला लावा. वजीर एफ३ला गेला की एफ७वर पुन्हा तीच धमकी, आणि आता मात्र घोडा एफ६ बरोबर, वजिराची वाट अडते! चाल तीच, एक पाऊल आधी केली तर मात बसते. हे पटावर दाखवलं की भाषण द्यावं लागत नाही.

नांदेड_प्यादं: कोड्यांमध्ये 'स्टॉर्म' अजिबात देऊ नका, ३ मिनिटांची पळापळ आहे ती. 'स्ट्रीक' द्या. घड्याळ नाही, सोप्यापासून सुरू होतं, पण एक चूक झाली की मालिका संपली. एकच चाल वगळता येते, ती कधी वापरायची यावरच पोरं डोकं लावत बसतात.

चाल मागे घ्यायची सोय बंदच करा.

अंबाजोगाईचा उंट: @नांदेड_प्यादं, सात वर्षांच्याला इतकं कडक नको हो. डावात एकदा मुभा द्या, पण काय चुकलं ते तोंडाने सांगितल्यावरच.

जालना_६४घरं: लेकरं एकमेकांशी खेळतील तेव्हा १५ मिनिटं अधिक चालीमागे १० सेकंद लावा. डावानंतर विश्लेषणात प्रत्येक चालीला लागलेल्या वेळेचा आलेख उघडा. मोहरा फुकट गेला त्या चालीवर बोट ठेवा आणि सेकंद त्यालाच वाचायला लावा.

परभणीकर: आलेखाचं माहीत नव्हतं. नेट गेलं तर?

नांदेड_प्यादं: मोबाइल ॲप आधीच घेऊन ठेवा. त्यात स्टॉकफिशशी बिननेटचं खेळता येतं, एकाच फोनवर समोरासमोरही.