गोल्फच्या मैदानांनी वाळूचे बंकर कमी करावेत का? माझं मत: करावेत

वाईकर

आमच्या साताऱ्याच्या ग्रुपमध्ये परवा यावरून जोरदार वाजलं, म्हणून इथं मांडतो. एकजण पुण्याला खेळून आला आणि तक्रार करायला लागला की बंकरमध्ये रेक मारलेला नव्हता, एवढे पैसे घेतात तर वाळू सारखी करायला काय होतं. माझं म्हणणं उलट आहे. सह्याद्रीच्या आसपासच्या मैदानांनी बंकरवरचा खर्च आणि मेहनत सरळ कमी करावी. त्यासाठी निम्मे बंकर बुजवावे लागले तरी चालेल.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: बंकर म्हणजे चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा, आणि रेक म्हणजे ती वाळू सारखी करायचं दाताळं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हा खेळ वाढला, तिथं जमीनच वाळूची. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत आणि ते तिथं शोभतात, कारण वाळू तिथलीच. आपल्याकडं खाली मुरूम नाहीतर काळी माती, आणि जून ते सप्टेंबर वरून धो धो. उतारावरची वाळू एका रात्रीत तळाला येते. सकाळी माळी फावड्यानं ती परत वर चढवतात, दुपारच्या सरीला ती परत खाली. त्यात माती मिसळली की पाणी निचरत नाही, डबकं साचतं, मग सगळी वाळू उपसून नवी टाका. अमेरिकेतल्या गोल्फ कोर्स आर्किटेक्टांची संघटना बंकरच्या वाळूचं आयुष्य ५ ते ७ वर्षं धरते. आपल्या पावसात ती त्याच्या आधीच खराब होणार हे उघड आहे.

आणि अडचणच हवी असेल तर ओढा आहे, टेकाड आहे, उंच गवत आहे, कातळ आहे. इंग्लंडमधल्या रॉयल ॲशडाउन फॉरेस्टला एकही बंकर नाही. ते मैदान सोपं आहे असं कुणी म्हणत नाही.

फलटणकर

पूर्ण असहमत. बंकर ही परीक्षा आहे, पण ती सगळ्यांना सारखी हवी. सारख्या केलेल्या वाळूतून मी चेंडू बाहेर काढला तर ते माझं कसब. पुढच्या माणसाच्या बुटाच्या ठशात माझा चेंडू बसला तर त्यात माझा काय दोष? २०१९ च्या नियमांनी बंकरमधली पानं, खडे उचलायची मुभा दिली, पण ठसा बुजवून मग फटका मारायची नाही दिली. म्हणजे रेक ही चैन नव्हे, तो न्यायाचा भाग आहे.

दुसरं, आपल्या पोरांचं काय? पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला, अदिती अशोक तिथं चौथी आली. जगात जिथं स्पर्धा होतात तिथं बंकर असतात, आणि चांगले राखलेले असतात. घरच्या मैदानावर त्या वाळूची सवयच नसेल तर बाहेर जाऊन खेळणार काय?

वाईकर

फलटणकर, सवयीचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी सरावाच्या जागेला दोन उत्तम बंकर पुरतात. अठरा होलला (चेंडू घालायच्या खळग्यांना) मिळून पन्नास-साठ कशाला?

न्यायाबद्दल बोलायचं तर २०२० साली कोविडमध्ये जगभर मैदानांवरचे रेक उचलून ठेवले होते. लोक खेळलेच ना? अमेरिकेत न्यू जर्सीच्या पाइन व्हॅली या मैदानात तर बंकरला रेकच न ठेवण्याची जुनी रीत आहे. २००६ च्या मेमोरियल स्पर्धेत जॅक निकलॉस या नामांकित गोल्फरनं मुद्दाम विरळ दातांचे रेक वापरून वाळूत सऱ्या पाडल्या होत्या, कारण बंकर इतके गुळगुळीत झाले होते की व्यावसायिक खेळाडूंना त्यांची भीतीच उरली नव्हती. अडचणीच्या जागेला अंगणासारखं सारवून ठेवायचं, हा हट्ट मला पटत नाही.

माणदेशी

मी गोल्फ खेळत नाही. माझा चुलतभाऊ पुण्याच्या एका मैदानावर रोजंदारीवर आहे, म्हणून लिहितोय. पाऊस उघडला की पहिलं काम बंकरचं. आमच्या गावची अजून चार माणसं याच कामावर आहेत. दहिवडी-म्हसवडकडं पाऊस किती पडतो आणि शेतीत किती भागतं हे साताऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तुम्ही म्हणता मेहनत कमी करा. मेहनत कमी म्हणजे माणसं कमी, आणि पहिला नंबर रोजंदारीवाल्याचा लागतो. खर्च, खेळाची शान, सगळं खरं असेल, पण हिशोबात तो माणूस कुठं आहे?

कोयनाकाठ

मी मैदानांच्या ड्रेनेजची कामं केली आहेत. दोघांनाही सांगते, देखभाल अर्धवट करणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे. नुसता रेक बंद करून बघा. पावसाळ्यात काठावरून हरळी आत शिरते आणि तळाला लव्हाळा येतो. वरून उपटला की पात हातात येते, गाठ खालीच राहते, आणि पंधरवड्यात तिथं चार कोंब. मग ती वाळू चाळावी लागते किंवा टाकून द्यावी लागते. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा लव्हाळा म्हणजे काय ते.

बंकर ठेवायचा तर नीट ठेवा: तळाला छिद्रांचा पाइप, त्यावर खडी, माती वर येऊ नये म्हणून अस्तर, तळाला चार ते सहा इंच वाळू, उतारावर त्याहून पातळ. वाळू कोनदार कणांची हवी, गोल कणांची उतारावर टिकत नाही आणि चेंडू तिच्यात रुततो. आणि वरच्या चढाचं पाणी बंकरमध्ये येऊच नये म्हणून बाजूनं चर. बरेचदा खोट वाळूत नसते, हा चर काढलेला नसतो.

वाईकर

ताई, तुमचं पटतंय आणि त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. एवढं सगळं नीट करायचं तर मोजक्या बंकरांचंच होईल. दोनशे यार्डांवर एका बाजूला पडलेला बंकर, ज्यात आठवड्यात दोन चेंडू जात नाहीत, त्याला पाइप, खडी, अस्तर कशासाठी? तिथं गवताचा खोलगट खड्डा करा. तिथून फटका मारणंही सोपं नसतं.

माणदेशी दादा, तुमचा प्रश्न खरा आहे. माझ्या म्हणण्यात माणसं कमी करणं नाही, काम बदलणं आहे. रोपं, तळ्यातला गाळ, फेअरवेवरचं, म्हणजे होलकडं जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरचं, हातानं तण काढणं, ही कामं कायम मागं पडलेली असतात.

आणि वाळूबद्दल तुमच्याच भागानं बोलावं. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते, ती उपसली की काठच्या विहिरी आटतात, हे माणगंगेकाठी पिढ्यांना माहीत आहे.

फलटणकर

बंकरला नदीची वाळू चालत नाही, तिच्यात गाळ असतो. धुतलेली सिलिका लागते. आपल्या राज्यात ती सिंधुदुर्गात कासार्डे भागात निघते. माणगंगेचा इथं संबंध नाही.

माणदेशी

मैदान श्रीमंत असेल तर सिलिका येत असेल. सगळी मैदानं श्रीमंत नसतात, आणि सिलिकाची खाण पण कुणाच्या तरी गावातच असते. आमच्याकडं लोकांनी दुष्काळात श्रमदान करून बांध घातले. कोरेगावच्या वेळूनं २०१६ चा वॉटर कप (पाणी अडवण्याच्या कामाची गावागावांतली स्पर्धा) घेतला, आमच्या माणमधल्या टाकेवाडीनं २०१८ चा. एवढा घाम गाळून पाणी अडवायचं आणि खड्डे भरायला दर काही वर्षांनी ट्रकनं वाळू ओढायची, हे मलाही पटत नाही. तेवढ्यापुरता मी वाईकरांच्या बाजूला.

पण काम बदलणार हे तोंडी नको. बंकर बुजवायचा ठराव होईल त्याच ठरावात लिहा की या माणसांना बारा महिने काम राहील आणि हजेरी कमी होणार नाही. मग बुजवा.

कोयनाकाठ

हे बरोबर आहे. बुजवण्याचं कामच एक-दोन हंगाम चालेल. अस्तर काढणं, माती भरणं, लॉन लावणं, सगळं हातानंच होतं. त्याच माणसांना ते द्यावं, बाहेरच्या ठेकेदाराला नको.

फलटणकर

फेअरवेच्या कडेचे, कुणी न जाणारे बंकर बुजवा, माझी हरकत नाही. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या जागेच्या, लगतचे मात्र एकही कमी करू देणार नाही, आणि तिथं रेक रोज लागला पाहिजे. ग्रीनजवळचा फटका हाच या खेळाचा जीव आहे. आमच्या ग्रुपमध्ये हा विषय परत निघाला तरी मी हेच बोलणार.

वाईकर

ग्रीनलगतचे तीन असतील तिथं एक ठेवा, एवढंच माझं मागणं. त्या एकाला रोज रेक मारा, मी स्वतः मारीन.