चुरा, वाटे आणि गेल्या वर्षीचे दिवाळी अंक

पगार तुटपुंजा असला की पहिली कुऱ्हाड चैनीवर कोसळते, असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र चैनीसाठी दर वेळी पूर्ण किंमत मोजावी लागतेच असे नाही, एवढी पुस्ती मी जोडू इच्छितो. पुण्यातल्या अनेक बेकऱ्यांमध्ये खारीचा चुरा वेगळा काढून ठेवतात आणि तो अखंड खारीपेक्षा स्वस्त मिळतो, परंतु काचेच्या कपाटात तो सहसा दिसत नसल्यामुळे "चुरा आहे का?" असे निःसंकोच विचारावे लागते. चहात घातल्यावर खारी मोडकी होती की सबंध, हे जिभेला कळत नाही.

भाजीच्या बाबतीत रात्री मंडई आवरताना लावलेले वाटे परवडतात. टोमॅटो व लिंबे खुशाल घ्यावीत, पालेभाजीच्या वाट्याला मात्र जाऊ नये.

माझी खरी चैन दिवाळी अंकांची आहे. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली सुरू केलेल्या या परंपरेतले नवे अंक आता खिशाला जड जातात. तेच अंक काही महिन्यांनी रद्दीच्या दुकानात किलोच्या गठ्ठ्यांत येऊन पडतात आणि कथा काही शिळ्या होत नाहीत. गेल्या खेपेस वीस रुपयांत मिळालेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर चकलीच्या तेलाचा गोल डाग होता आणि आतले शब्दकोडे कोणीतरी पेन्सिलीने निम्मे सोडवलेले होते. उरलेले निम्मे मी सोडवले. आधी सोडवलेल्या निम्म्यातली दोन उत्तरे त्या वाचकाने चुकवली होती.